पी-०८ चा तुटलेला एक्स्ट्रॅक्टर आणि ४७ नंबर

नेकरकाठ

गेल्या रविवारी क्लबच्या रेंजवर माझ्या पी-०८ पिस्तुलाचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा हूक, तुटला. चौथं मॅगझिन, तिसरी गोळी. आवाज नेहमीसारखाच झाला, पण पुंगळी बाहेर आलीच नाही, नळीतच बसून राहिली. रेंज थांबवली, पिस्तूल रिकामं केलं, आणि मग मी आणि क्लबमधले दोन आजोबा गुडघ्यांवर रांगत पोलादाचा एक तुकडा शोधत बसलो. नखापेक्षा थोडा मोठा. सापडला. त्यावर ४७ हा आकडा होता आणि चीर नेमकी चारमधून गेलेली.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

पी-०८ म्हणजे इतर जग ज्याला लुगर म्हणतं ते. जर्मनीत कुणी फारसं लुगर म्हणत नाही, इथे ते 'नुल-आख्ट', म्हणजे शून्य-आठ. जर्मन लष्कराने ते १९०८ मध्ये घेतलं म्हणून. नौदलाने त्याआधीच, १९०४ मध्ये घेतलं होतं आणि स्विस लष्कराने त्याच्याही आधी, १९०० मध्ये. गेऑर्ग लुगर हा मूळचा ऑस्ट्रियातल्या टिरोलचा. त्याने ह्युगो बोर्खार्टच्या १८९३ च्या अगडबंब पिस्तुलाचं सार काढून हे आटोपशीर पिस्तूल घडवलं. आत बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा आहे, पण तो सरळ मागे सरकत नाही. गोळी सुटली की नळी आणि बोल्ट जोडीने थोडं मागे येतात, मग दोन्ही बाजूंच्या गोल घुंड्या फ्रेमच्या उतारावर आपटतात आणि मधला सांधा गुडघा वाकावा तसा वर दुमडतो. जर्मन लोक त्याला गुडघ्याचा सांधाच म्हणतात. पहिल्यांदा हळूहळू हाताने ओढून बघितलं तेव्हा मला आजीचा अडकित्ता आठवला होता.

माझं पिस्तूल एर्फुर्टच्या सरकारी कारखान्यातलं, १९१३ चं. सांध्यावर मुकुट आणि खाली एर्फुर्ट. पूर्ण नंबर फ्रेमवर आणि नळीवर आहे, आणि त्याचे शेवटचे दोन आकडे जवळजवळ प्रत्येक भागावर ठोकलेले आहेत: चाप, सेफ्टीचा खटका, बाजूची पट्टी, फायरिंग पिन (काडतूस पेटवणारी सुई), एक्स्ट्रॅक्टर. सगळीकडे ४७. त्या काळी भाग यंत्रावर कापले तरी शेवटचं बसवणं कानशीने, हाताने. एकदा जोडून बघायचं, नंबर ठोकायचे, मग सुटं करून रंगवायला न्यायचं आणि परत त्याच्याच भावंडांशी जोडायचं. गोंधळ होऊ नये म्हणून हा आकडा. संग्राहकांच्या जगात आज त्याचीच किंमत आहे. सगळे आकडे जुळणारं पिस्तूल आणि एखादाच भाग परका असलेलं पिस्तूल यांच्या किमतीत सहज तिसरा हिस्सा फरक पडतो.

मी सतराशे युरो दिले होते. रविवारी एका गोळीत त्यातले पाचेकशे गेले.

आता प्रश्न. पर्याय तीन आहेत. एक, नवा बिननंबरी एक्स्ट्रॅक्टर टाकून मोकळं व्हायचं. दोन, जुन्या सुट्या भागांत दुसरा ४७ शोधायचा. तीन, जुना कोरा भाग घेऊन त्यावर ४७ ठोकून घ्यायचा. तिसरं करून देणारी माणसं आहेत, मला एकाने रेंजवरच फोन नंबर दिला. तुम्ही काय कराल?


चहाटळ

चौथा पर्याय: ते पिस्तूल आणि तो तुकडा दोन्ही मला पाठवणे. पोस्टेज मी भरतो.

बाकी सतराशे युरोत आमच्या इथे चांगली सेकंडहँड बुलेट येते. आवाज तोच.


रिटायर्ड_सुभेदार

आम्ही शस्त्रागारात पंधरा वर्षं काढली. थ्री-नॉट-थ्रीच्या बोल्टच्या दांड्यावर रायफलचाच नंबर असायचा. एकाचा बोल्ट दुसऱ्याला लावला तर आम्ही पोरांना झोडायचो, कारण तिथं इज्जतीचा प्रश्न नाही, हेडस्पेसचा आहे. काडतुसाच्या बुडामागे जागा जास्त राहिली तर पुंगळी फाटते आणि गॅस तोंडावर. नंबर जुळवायचा तो डोळे वाचवायला.

एक्स्ट्रॅक्टरचं तसं नाही. तो फक्त ओढणारा हूक. नवा टाका, दहा वेळा नकली गोळीवर चालवून बघा, आणि मारा. ११० वर्षांचं पोलाद थकलं, त्यात रडायचं काय?

तिसऱ्या पर्यायाबद्दल: खोटा नंबर ठोकणाऱ्याला आमच्यात कोर्ट मार्शल होतं. विषय संपला.


रानजाई

वाचतेय. यातलं मला काही कळत नाही, पण एक शंका. एक्स्ट्रॅक्टर तुटणार हे माहीत असताना एवढं जुनं पिस्तूल चालवताच कशाला? आमच्याकडे पणजीची नथ आहे, ती कोणी रोज घालून बाजारात जात नाही.


नेकरकाठ

@रानजाई, हा अगदी बरोबर टोचलात. खरं उत्तर असं की चालवल्याशिवाय ते कळत नाही. कपाटातलं लुगर ही एक सुंदर वस्तू आहे. हातातलं लुगर ही विचित्र वस्तू आहे. मुठीचा कल इतका तिरका की हात उचलला की नेम आपोआप समोर जातो, बोट दाखवावं तसा. पण चाप भयंकर. सरळ मागे दाबला तरी जोर बाजूच्या पट्टीतून, एका कोनातून फिरून आत जातो, त्यामुळे कुठे सुटणार याचा अंदाज येत नाही. नेम धरायची पुढची माशी म्हणजे टाचणीचं टोक, मागची खाच उंदराने कुरतडल्यासारखी. चाळिशी लागलेल्या माणसाला दोन्ही एकदम दिसत नाहीत. आणि तरीही २५ मीटरवर पाच गोळ्या चहाच्या बशीत बसतात. १९१३ साली कोणी तरी कानशीने बसवलेल्या त्या सांध्यामुळे बसतात. हे समजायला चालवावं लागतं.

@सुभेदारसाहेब, तुमचं म्हणणं मान्य. पण तो एक्स्ट्रॅक्टर नुसता ओढणारा हूकही नाही. त्याच्या डाव्या बाजूला 'गेलाडेन' कोरलेलं असतं, म्हणजे भरलेलं. चेंबरमध्ये काडतूस असलं की हा तुकडा वर उचलला जातो, अक्षरं दिसतात, आणि अंधारात बोट फिरवलं तरी कळतं. १९०८ च्या शिपायाला त्यावर विसंबावं लागत असेल. मी विसंबत नाही, सांधा उघडून डोळ्यांनीच बघतो.


मोडी_आणि_मी

नंबरांवरून आठवलं. कलकत्त्याच्या आर. बी. रोडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीच्या मालातून २६ ऑगस्ट १९१४ ला क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं पळवली. ती पिस्तुलं जर्मनच, माउझर सी-९६. महायुद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. कंपनीचाच कारकून, श्रीशचंद्र मित्र, कस्टममधून माल सोडवायला गेला आणि बैलगाड्यांतली एक गाडी भलत्याच रस्त्याला वळली.

सरकारने क्रांतिकारक चळवळीच्या चौकशीला नेमलेल्या रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात यावर स्वतंत्र मजकूर आहे. प्रत्येक पिस्तुलाला नंबर होता आणि कंपनीने त्याची नोंद ठेवली होती. त्यामुळे पुढे बंगालात कुठे माउझर सापडलं की पोलीस आधी नंबर बघत: रोडाचं आहे का? ४४ पिस्तुलं जवळजवळ लगेच नऊ गटांत वाटली गेली आणि ५४ प्रकरणांत ती वापरली गेली, असं तो अहवाल म्हणतो. ओडिशातल्या बालासोरला सप्टेंबर १९१५ मध्ये जतींद्रनाथ मुखर्जी (बाघा जतीन) आणि त्यांचे चार साथी पोलिसांशी लढले तेही माउझर घेऊनच.

त्या अहवालातलं आणखी एक निरीक्षण मला आवडतं. पिस्तूल ज्या लाकडी पेटीतून येतं तीच पेटी मुठीला मागून जोडली की खांद्याला लावून रायफलीसारखं चालवता येतं, याची सरकारने खास भीती नोंदवली आहे. म्यानच दस्ता होतं.

तेव्हा ज्या नंबरामुळे तुमचे पाचशे युरो गेले, तसल्याच नंबरांवरून पोलीस क्रांतिकारकांचा माग काढत होते. जरा प्रमाणात घ्या राव. :)


ओहायोचा_आबा

माउझरचं नाव निघालं म्हणून आलो. माझ्याकडे सी-९६ आहे, 'लाल नऊ'.

गोष्ट अशी. माउझरचं मूळ काडतूस ७.६३ मिलिमीटरचं. १९१६ मध्ये जर्मन लष्कराला पिस्तुलं पुरेनात, त्यांनी माउझरला दीड लाख सी-९६ ची ऑर्डर दिली, पण पी-०८ मधलंच नऊ मिलिमीटरचं काडतूस चालेल अशी. आता दोन प्रकारची दिसायला सारखी पिस्तुलं. चिखलात, अंधारात कोण बघतंय? म्हणून लाकडी मुठीत मोठा ९ कोरून त्यात लाल रंग भरला. माझ्या मुठीतला रंग खोबणीत थोडासा उरलाय, तळहाताच्या बाजूचा पार गेलाय. तो कोणाच्या तळहाताने घासला असेल याचा विचार करत मी दोनदा रात्री जागलोय.

या पिस्तुलाची गंमत म्हणजे मुठीची लाकडं धरून ठेवणारा एक स्क्रू सोडला तर अख्ख्या यंत्रात स्क्रू नाही. भाग एकमेकांत अडकतात, पूर्वी जत्रेत लाकडी कोडी मिळायची तशी. रचना फीडर्ले भावांची, नाव झालं मालकाचं. मॅगझिन चापाच्या पुढे, दहा गोळ्या वरून पट्टीने दाबायच्या. हातात धरायला मात्र खराट्याचा दांडा. इंग्रजीत त्याला झाडूदांड्याच म्हणतात.

७.६३ वाल्यांना एक सूचना, पाया पडून. रशियन टोकारेव्हचं ७.६२ काडतूस त्यात व्यवस्थित बसतं. बसतं म्हणून घालू नका. मापं जवळजवळ तीच, दाब जास्त. शंभर वर्षांच्या पिस्तुलात बोल्ट अडवणारा भाग झिजलेला असेल तर बोल्ट मागे कुठे येईल? तुमच्या चष्म्यावर.

मुंबईकरांसाठी अवांतर: चर्चिल १८९६ मध्ये हिंदुस्थानात आला तेव्हा ससून डॉकला होडीतून उतरताना भिंतीतली लोखंडी कडी धरली, तेवढ्यात लाटेने होडी खाली गेली आणि त्याचा खांदा निखळला. तो खांदा जन्मभर त्रास देत राहिला. म्हणून १८९८ ला सुदानमधल्या ओमदुरमानच्या घोडदळाच्या हल्ल्यात त्याने तलवार म्यान करून माउझर हातात घेतलं आणि त्यामुळेच आपण वाचलो असं त्याचं म्हणणं होतं. ससून डॉकच्या त्या पायऱ्यांवर आता बोंबील उतरतात. एका लाटेने काय काय केलं बघा.


चहाटळ

म्हणजे ती कडी जरा घट्ट नसती तर...

असो. इनो घेतो आणि खाली बसतो.


वाईकर

नमस्कार. पहिलाच प्रतिसाद. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला. पिस्तूल वगैरे काही घरी आलं नाही, ते तिथेच जमा करावं लागलं असं सांगायचे. पण त्यांच्या ट्रंकेत एक काळं जाड कातडी पाकीट आहे, झाकणाला पट्टा. मागच्या बाजूला पी ०८ असं दाबून उमटवलेलं वाटतं. आजोबा त्यात अडकित्ता ठेवायचे. मूळ धाग्यात अडकित्त्याचं वाचलं आणि हसायला आलं, म्हणून लिहिलं. हे तुमच्याच पिस्तुलाचं आहे का? काही किंमत असते का?


नेकरकाठ

@वाईकर, हो, त्याच पिस्तुलाचं म्यान. बघा, पुढच्या कडेला एक उभा लांबट कप्पा शिवलेला असेल, तो जादा मॅगझिनचा. आणि झाकण उघडलंत की आतल्या बाजूला अगदी छोटा खिसा असेल. त्यात एक लोखंडी चपटी पट्टी असायची, मॅगझिनची स्प्रिंग खाली दाबायला. स्प्रिंग इतकी कडक असते की आठवी गोळी अंगठ्याने जात नाही. ती पट्टी बहुतेक म्यानांतून हरवलेली असते. खिसा तपासा. मागे पी ०८ च्या जवळपास कारखान्याचं नाव किंवा खुणेची अक्षरं आणि साल असेल तर तेही सांगा. तेल, पॉलिश काहीही लावू नका. कोरड्या फडक्याने पुसा, बस.

किमतीचं विचारलंत. विकू नका एवढंच सांगतो.

@आबा, लाल नऊ! जळलो. जर्मनीत याला बराच कागद लागतो.


रानजाई

कागदाचं सांगा ना. जर्मनीत राहून कोणालाही असं पिस्तूल घेता येतं? आणि दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापासून विचारायचाय: माणसं मारायला बनवलेली, कदाचित मारलेली, वस्तू घरात ठेवून झोप लागते?


नेकरकाठ

पहिल्याचं उत्तर पटकन. कोणालाही नाही. देशात सलग पाच वर्षं राहिलेलं नसाल तर अर्ज नाकारता येतो. आधी नेमबाजी क्लबात जायचं. वर्षभर नियमित सराव, त्याची वहीत नोंद. शस्त्रं आणि कायदा यांची परीक्षा, तीही जर्मनमधून. 'झाडायला तयार' आणि 'हाताशी तयार' यांतला कायदेशीर फरक पाठ करताना मला दहावीचं व्याकरण आठवलं. मग क्लब लिहून देतो की या माणसाला या खेळासाठी या प्रकारचं पिस्तूल लागतं. मग हिरवं कार्ड, म्हणजे शस्त्राचा परवाना. घरात ठरावीक दर्जाची तिजोरी, आणि अधिकारी ती बघायला न सांगता येऊ शकतो. माझ्याकडे आला होता, सकाळी साडेनऊला. बायको पोहे करत होती. दोन वाट्या खाऊन गेला.

संग्राहकांना लाल कार्ड. तिथे नुसतं 'मला आवडतात' चालत नाही. आपल्या संग्रहाचा विषय लिहून द्यावा लागतो, त्याला इतिहास म्हणून काय अर्थ आहे हे पटवावं लागतं आणि त्यावर तज्ज्ञाचं मत लागतं. म्हणजे पीएचडीचा सिनॉप्सिसच. १८७१ च्या आधीच्या मॉडेलची एकबारी ठासणीची पिस्तुलं मात्र बिनपरवाना. त्यामुळे इथे १८७० आणि १८७९ मध्ये नऊ वर्षांचा नाही, एका तिजोरीचा फरक आहे. १८७९ चा लष्करी राइखसरिव्हॉल्व्हर, सहा गोळ्यांचा, १०.६ मिलिमीटरचा, हातोड्यासारखा दणकट, त्याला सगळे कागद लागतात.

दुसऱ्याचं उत्तर सावकाश देतो, कारण मीही ते स्वतःला विचारलंय.

माझ्या पिस्तुलाच्या मुठीच्या पुढच्या पट्टीवर बारीक अक्षरांत एक ओळ आहे: १२१, मग आर, मग ३, मग १२. म्हणजे १२१ वी पायदळ रेजिमेंट, तिसरी कंपनी, बारावं शस्त्र. ही वुर्टेम्बर्गची रेजिमेंट, तिचा तळ लुडविग्सबुर्गला. माझ्या घरापासून एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, वीस मिनिटं. मी दर गुरुवारी तिथे मुलीला बासरीच्या क्लासला नेतो. १९१३ मध्ये तिसऱ्या कंपनीतल्या कोणा फेल्डवेबेलला, म्हणजे सार्जंटला, हे दिलं असेल. पुढच्या वर्षी युद्ध. त्याने ते चालवलं का, त्याच्यावर कोणी चालवलं का, मला कधीच कळणार नाही. पण ती ओळ वाचल्यापासून मला ते 'माझं पिस्तूल' म्हणताना जीभ अडखळते.

म्हणूनच मी १९१८ च्या पुढचं काही घेत नाही. पुढे नाझी काळातल्या पिस्तुलांवर गरुड आणि त्याच्या पायांत ते चिन्ह असतं. ते चिन्ह इथे उघड दाखवायला कायद्याने बंदी आहे, लिलावाच्या फोटोंतही त्यावर पट्टी चिकटवलेली असते. कायदा सोडून द्या. आईने दारात काढलेल्या स्वस्तिकाचा फोटो मी एकदा ऑफिसात दाखवला होता आणि समजावून सांगायला अर्धा तास लागला होता. तो अर्धा तास मला तिजोरीत नको.

झोप लागते. दसऱ्याला झेंडूची माळ तिजोरीच्या दारालाच घालतो, पिस्तूल बाहेर काढत नाही.


ओहायोचा_आबा

छान लिहिलंत.

आमच्याकडचं थोडक्यात, कारण इथल्या पोरांचे मला मेसेज येतात. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी केंद्र सरकारचा संग्राहक परवाना आहे, तो घेतला की असं पिस्तूल दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी मागवता येतं. आणि १८९८ किंवा त्याआधी बनलेलं असेल तर केंद्रीय कायद्याच्या लेखी ते साधं शस्त्रही धरत नाहीत, अँटिक. राज्यांचे नियम वेगळे, ते बघावेच लागतात. पण एच-वन-बीवर आलेल्यांनी उत्साहात काही करू नये. ग्रीन कार्ड चालतं. तात्पुरत्या व्हिसावर शस्त्र बाळगायला मुळात मनाई आहे, शिकारीचा परवाना असेल तर सूट वगैरे बारकावे आहेत. मित्राचं पिस्तूल 'जरा सांभाळ' म्हणून घरी ठेवलं तरी ते तुमच्या अंगावर येतं. वकिलाला विचारा, मला नको.


चहाटळ

आणि पुण्यात?


रिटायर्ड_सुभेदार

पुण्यात नाद सोडा. नऊ मिलिमीटर आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, साध्या परवान्यावर मिळत नाही. परदेशातून पिस्तूल आणणं सामान्य परवानेवाल्याला बंद. परवान्यावर पूर्वी तीन शस्त्रं चालायची, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन. वाडवडिलांचं काही माळ्यावर सापडलं तर ते 'अँटिक' आहे असं आपलं आपण ठरवायचं नाही. जुनं आणि दुरुस्त करूनही चालणार नाही असं असेल तरच कायदा सोडतो, आणि ते ठरवणारे तुम्ही नाही. सरळ ठाण्यात कळवायचं.

नेम धरायची हौस असेल तर बालेवाडीला रेंज आहे, एअर पिस्तूल घ्या. आपली कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटर पिस्तुलात एशियाडचं सुवर्ण घेऊन आली २०१८ ला. तिचा एक व्हिडिओ बघा, मनगट बघा. लुगर बिगर विसराल.


मोडी_आणि_मी

मूळ प्रश्नाकडे. दुसरा ४७ शोधण्याच्या पर्यायाबद्दल मला तर्काची अडचण आहे. समजा मिळाला. तो दुसऱ्या पिस्तुलाचा ४७ असणार, २२४७ चा किंवा ८६४७ चा. दोनच आकडे ठोकलेले असल्यामुळे कोणाला कळणार नाही. मग तो खरा की खोटा? कागदावर जुळणारा, रक्ताने परका. जुन्या दस्तांत आम्हाला हेच भेटतं: नाव वाड्याचं, माणूस दुसराच, गोत्र जुळलं म्हणून दत्तक घेतलेला. दत्तक जाहीर असला तर खोटा नाही. लपवला तर वाद.


नेकरकाठ

'दत्तक जाहीर असला तर' हे आवडलं.

तीन आठवड्यांनी परत येतोय. मध्ये एका जुन्या शस्त्रांच्या बाजारात गेलो होतो. मोठा हॉल, टेबलं, सॉसेजचा वास, सत्तरीच्या पुढची गर्दी. एका टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात पी-०८ चे सुटे भाग, तेलात न्हालेले. मी भिंग घेऊन तासभर उभा. शंभरात एक ४७ असणार हा हिशोब होताच, डब्यात वीसेक एक्स्ट्रॅक्टर. सतरावा ४७ निघाला! हात थरथरला, खोटं नाही सांगत.

मग नीट बघितलं. एर्फुर्टचे तपासनीस बारीकसारीक भागांवरही मुकुटाचा छोटा ठसा मारायचे. या भागावर मुकुट नाही. आकड्यांची वळणंही वेगळी, माझ्या चाराचं डोकं बंद आहे, याचं उघडं. हा बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्याचा ४७. टेबलामागचे आजोबा म्हणाले, घे की, कोण बघतंय भिंगाने? मी म्हटलं, आत्ता मीच बघतोय.

नाही घेतला.

अगोदर एकदा फसलो होतो, तेही सांगून टाकतो. माझं पहिलं पी-०८ एका दुकानातून 'सर्व नंबर मूळ' म्हणून घेतलं होतं. घरी आणून दिव्याखाली धरलं तर बाजूच्या पट्टीवरचे आकडे जरा जास्तच धारदार. जुना ठसा असतो तेव्हा कडांवर शंभर वर्षांचा हात फिरलेला असतो. निळा रंग ठशाच्या तळाशीही उतरलेला असतो. इथे तळ चकचकीत पांढरा. आणि चाप, सेफ्टीचा खटका यांना जो काकवीसारखा पिवळसर रंग असतो, पोलाद ठरावीक उष्णतेला तापवल्यावर येणारा, तो तिथे रंगाच्या डबीतून आल्यासारखा एकसारखा होता. परत द्यायला गेलो तर 'पाहून घेतलंत' हे उत्तर. तेव्हापासून भिंग खिशात.

तर निर्णय. नवा, कोरा, बिननंबरी एक्स्ट्रॅक्टर बसवला. छत्तीस युरो. नकली काडतुसांवर चालवून पाहिला, सुभेदारसाहेब, दहा नाही वीस वेळा. चालतो. तुटलेले दोन तुकडे कागदी पाकिटात, त्यावर तारीख आणि 'चौथं मॅगझिन, तिसरी गोळी' असं लिहून तिजोरीत. पुढचा मालक जो कोणी असेल त्याला ते पाकीट मिळेल.

आणि एर्फुर्टचं आता रेंजवर जाणार नाही, रानजाईंची नथ लक्षात ठेवली. रेंजसाठी दुसरं घेतलं, ८५० युरोला. नळी एका सालची, फ्रेम १९१७ ची, सांधा तिसऱ्याच कुठला, मॅगझिन चौथ्याचं. संग्राहक त्याकडे बघतही नाहीत. पहिल्या दिवशी कमी ताकदीच्या काडतुसांवर पुंगळ्या अडकत होत्या, सांधा पुरता दुमडतच नव्हता. मॅगझिनची स्प्रिंग बदलली, नेहमीची, १२४ ग्रेन वजनाच्या गोळीची काडतुसं घातली. जास्त दाबाची घालायची नाहीत, ते वेगळं. आता सलग पन्नास गोळ्या जातात. क्लबमधले आजोबा त्याला 'कोनिग्राटवुर्स्ट'सारखं काहीतरी म्हणतात, मला अजून कळलेलं नाही, पण प्रेमाने म्हणतात.


चहाटळ

त्याला मराठीत मिसळ म्हणतात. फरसाण एकाचं, रस्सा दुसऱ्याचा, आणि चव कोणाच्याच हातात नाही. नामकरण झालं.


रिटायर्ड_सुभेदार

शाब्बास. पाकिटावर तारीख लिहिलीत हे पक्क्या शस्त्रागाराचं काम.


वाईकर

उशिरा येतोय, गावी जाऊन आलो. ट्रंक उघडली. म्यानाच्या मागे पी ०८ आणि साल ४१ स्पष्ट आहे, त्याच्या खाली अक्षरं पुसट. पुढचा उभा कप्पा आहे. झाकणाच्या आतला छोटा खिसाही आहे, पण रिकामा.

आईला विचारलं की यात एखादी चपटी लोखंडी पट्टी असायची का, एका टोकाला स्क्रूड्रायव्हरसारखी धार आणि अंगाला भोक. आई म्हणाली, ती होय, ती तर सासूबाईंची. आणि आतल्या खोलीत जाऊन शिलाई मशीनचा खण उघडून घेऊन आली. आजी जाईपर्यंत त्याने मशीनच्या सुईचा स्क्रू आवळायची, मग आई. साठ-सत्तर वर्षं झाली. टोक जरा झिजलंय, पण गंज नाही, मशीनचं तेल लागत राहिल्यामुळे असेल.

मी म्हटलं, ही परत त्या खिशात ठेवायला पाहिजे. आई म्हणाली ठेव की, पण आधी मशीनला दुसरा पाना आणून दे. आणि अडकित्ता कुठे ठेवायचा तेही सांग.